टंगस्टनवर उगवणारी लव

आवर्तसारणी शिकवताना आपण सर्वांत कमी वेळ थांबतो ते शेवटच्या, अठराव्या गणापाशी. हेलियम, निऑन, आर्गॉन ही नावे फळ्यावर लिहायची, "हे निष्क्रिय वायू, यांची सहसा कोणाशी अभिक्रिया होत नाही" एवढे सांगायचे आणि फळा पुसायचा. परीक्षेच्या दृष्टीने तेवढे पुरते. पण विद्यार्थ्याच्या मनात त्यातून एक समजूत घर करून बसते. जो कोणाशी संयोग पावत नाही, तो कोणाचे काही बिघडवतही नाही, अशी ती समजूत.

ही समजूत खरी नाही. सर्व धातूंत ज्याचा वितळणबिंदू सर्वांत उंच, त्या टंगस्टनच्या पृष्ठभागावर हेलियम अक्षरशः लव उगवू शकतो. टंगस्टनचा चकचकीत पत्रा काही तासांत काळ्या मखमलीसारखा दिसू लागतो. विशेष म्हणजे हेलियम निष्क्रिय आहे म्हणूनच हे घडते. ते कसे, आणि जगभरातल्या प्रयोगशाळांना त्याची काळजी का वाटते, हे या लेखात पाहू.

ओळखीचा टंगस्टन

टंगस्टन म्हटले की जुन्या विजेच्या दिव्यातली तार आठवते. आता ते दिवे घरांतून जवळजवळ गेले, पण टंगस्टन पाहायला लांब जावे लागत नाही. नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलचे काम करणाऱ्या एखाद्या कारखान्यात जा आणि 'आर्गॉन वेल्डिंग' कुठे चालते ते विचारा. कारागिराच्या हातातल्या टॉर्चच्या तोंडाशी पेन्सिलीच्या शिशासारखी एक बारीक कांडी दिसेल. ती टंगस्टनची. तिच्या टोकापासून कामापर्यंत विजेची ज्योत पडते, पोलाद पाण्यासारखे वितळते, पण कांडी वितळत नाही. टंगस्टनचा वितळणबिंदू ३,४२२ अंश सेल्सिअस आहे. या धातूचे दुसरे नाव वुल्फ्राम. त्याची खनिजे आपल्या राज्यातही, नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना भागात आढळली आहेत.

त्या ज्योतीत वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. सुटे इलेक्ट्रॉन, धनभारित आयन आणि उरलेले अणू यांचे हे मिश्रण म्हणजे प्लाझ्मा (आयनद्रायू), द्रव्याची चौथी अवस्था. वेल्डिंगमध्ये आर्गॉन वापरतात तो हवेतल्या ऑक्सिजनपासून तापलेल्या धातूला जपण्यासाठी. १९४० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत निघाली तेव्हा त्या कामासाठी हेलियम वापरत आणि पद्धतीचे नावच 'हेलिआर्क' होते. म्हणजे टंगस्टन आणि निष्क्रिय वायूचा प्लाझ्मा यांची सोबत जुनीच. कारखान्यात त्यात कोणाला वावगे दिसले नाही, कारण तिथली परिस्थिती वेगळी. ज्योतीत वायू दाट असतो आणि कांडीचे टोक फारच तापलेले असते. परिस्थिती बदलली की निराळेच दृश्य दिसते.

नागोयात काय दिसले?

२००६ साली जपानमधील नागोया विद्यापीठाच्या तकामुरा, ओनो, निशिजिमा आणि काजिता या संशोधकांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. अतिविरळ हेलियमच्या प्लाझ्मात त्यांनी टंगस्टनचा तापवलेला नमुना ठेवला. बाहेर काढला तेव्हा त्याची चकाकी गेली होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभागावर झाडाच्या फांद्यांसारखे एकमेकांत गुंतलेले बारीक तंतू दिसले.

या तंतूंची जाडी साधारण २० ते ५० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाच्या केसाच्या जाडीत असे एक-दोन हजार तंतू शेजारी शेजारी मावतील. थराचा बहुतेक भाग पोकळच असतो; नव्वद टक्क्यांहून अधिक जागा रिकामी आणि उरलेली टंगस्टनची. इंग्रजीत शास्त्रज्ञ त्याला 'फझ' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी 'लव' हा नेमका शब्द आहे.

पहिली शंका अशी येईल की आयनांच्या माऱ्याने टंगस्टनचे अणू उडत असतील आणि त्या कोरण्यातून तंतू उरत असतील. ही शंका अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना साध्या गणिताने तपासता येते. नमुन्याला प्लाझ्माच्या तुलनेत उणे ५० व्होल्ट विभव दिले, तर एक विद्युत्भार असलेला हेलियम आयन सुमारे ५० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने त्यावर आदळतो. हेलियमचे अणुवस्तुमान ४, टंगस्टनचे सुमारे १८४. समोरासमोरच्या पूर्ण स्थितिस्थापक टकरीत हलका कण जड कणाला आपल्या ऊर्जेचा किती भाग देऊ शकतो? दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराची चौपट घ्या आणि तिला वस्तुमानांच्या बेरजेच्या वर्गाने भागा. उत्तर सुमारे ०.०८३, म्हणजे ८ टक्के. पन्नासातले चारच इलेक्ट्रॉन व्होल्ट टंगस्टनच्या वाट्याला येतात. पृष्ठभागावरचा टंगस्टनचा अणू सुटायला सुमारे ८.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे आयनाची ऊर्जा शंभराच्या वर गेल्याशिवाय अणू उडणारच नाही. लव मात्र त्याहून बऱ्याच कमी ऊर्जेवर, वीस-तीस इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे, उगवू लागते. तेव्हा हे बाहेरून कोरणे नव्हे. जे घडते ते आतून घडते.

आत काय घडते?

आदळलेला हेलियम अणू टंगस्टनच्या स्फटिकात शिरतो. तो लहान आहे, अणूंच्या रांगांमधल्या फटींतून सहज इकडेतिकडे फिरतो. येथेच त्याचा निष्क्रिय स्वभाव महत्त्वाचा ठरतो. कार्बनसारखे मूलद्रव्य धातूत शिरले की धातूच्या अणूंशी बंध जोडते आणि तिथे स्थिरावते. हेलियमला टंगस्टनशी काहीच जोडायचे नसते. त्याचे इलेक्ट्रॉन कवच पूर्ण भरलेले. शेजारच्या टंगस्टनच्या इलेक्ट्रॉनांना ते दूरच लोटते. म्हणून टंगस्टनमध्ये हेलियम जवळजवळ विरघळतच नाही. तो जिथे असेल तिथे नकोसा पाहुणा असतो.

अशा अणूला दुसरा हेलियम अणू भेटला तर दोघांनी एकाच जागी दाटीवाटीने राहणे ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडते, कारण दोन ठिकाणचे स्फटिक ताणण्याऐवजी एकच ठिकाण ताणावे लागते. मग तिसरा येतो, चौथा येतो. काही अणू जमले की दाब इतका वाढतो की तो घोळका टंगस्टनच्या एका अणूला त्याच्या जागेवरून ढकलून देतो आणि रिकाम्या जागेत स्वतः बसतो. एकेका अणूच्या टकरीला जे साधले नाही, ते जमलेल्या घोळक्याचा दाब साधतो. आता तिथे एक बुडबुडा तयार झाला. आणखी हेलियम येतो, बुडबुडा वाढतो, आणखी टंगस्टन अणू ढकलले जातात. ढकललेले अणू पृष्ठभागाकडे सरकतात आणि तिथे उंचवटे उभे राहतात.

आंबोळी किंवा अनारसा करताना जाळी पडते ती आठवा. पिठात वायूचे बुडबुडे धरतात, वर येऊन फुटतात, आणि पातळ पिठाची जाळीदार चकती उरते. टंगस्टनवरही बुडबुडे पृष्ठभागाजवळ येऊन फुटतात, भोके पडतात, भोकांमधल्या भिंती उरतात, आणि त्या भिंतींतही पुन्हा बुडबुडे धरतात. पण ही उपमा ताणू नये. आंबोळीचे पीठ ओले असते. टंगस्टन या सर्व काळात घनच असतो, वितळण्यापासून फार दूर. शिवाय आंबोळीची जाळी एकदा पडली की संपले. टंगस्टनवरची लव हेलियम येत राहील तोवर उंच होत जाते. बुडबुड्यांतून नेमके तंतू कसे उभे राहतात याबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. कोणी बुडबुडे फुटण्यावर भर देतात, तर कोणी पृष्ठभागावर सरकणाऱ्या अणूंवर.

तापमानाची अट मात्र स्पष्ट आहे. लव साधारण १,००० ते २,००० केल्विन या पट्ट्यातच उगवते. त्याखाली टंगस्टनच्या अणूंना जागा बदलण्याइतकी उसंत मिळत नाही. त्यावर अणू इतके चळवळे होतात की तंतू टिकत नाहीत. तंतूंऐवजी मोठी भोके दिसतात.

वर्गासाठी एक आलेख

२००८ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील प्रयोगशाळेत बाल्डविन आणि डोअर्नर यांनी लवेची जाडी वेळेनुसार मोजली. जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. सुमारे १,१२० केल्विन तापमानाला आणि दाट प्लाझ्मात त्यांचे आकडे साधारण असे बसतात: १,००० सेकंदांत एक मायक्रोमीटरच्या आसपास, ४,००० सेकंदांत दोन, ९,००० सेकंदांत तीन.

हे आकडे विद्यार्थ्यांना आलेख कागदावर मांडायला द्यावेत. आधी जाडी विरुद्ध वेळ काढू द्या. वक्र रेषा येईल. मग जाडीचा वर्ग विरुद्ध वेळ काढू द्या. सरळ रेषा येईल. नंतर विचारा की पाच मायक्रोमीटर व्हायला किती वेळ लागेल? (सुमारे २५,००० सेकंद, म्हणजे सात तासांच्या जवळपास.) आणि वाढ मंदावते का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. लव वाढते ती तळाशी, जिथे घट्ट टंगस्टन आहे तिथे. लव जितकी दाट आणि उंच, तितका हेलियमला तळापर्यंत पोहोचण्याचा मार्ग अवघड. झुडपे वाढली की जमिनीवर ऊन कमी पडते, तसे. वाढीनेच वाढीला आवर बसतो. निसर्गातल्या अनेक क्रियांत असा वर्गमुळाचा नियम दिसतो.

सूर्यावरचा वायू, बंबातली राख

टंगस्टन आणि हेलियम यांची गाठ घालून देण्याची गरज कोणाला पडली? त्यासाठी सूर्याकडे पाहावे लागेल.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या दिवशी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात (आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात) लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसले होते. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलचे हे नातू. ढगांच्या फटीतून त्यांना सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतली नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची मानली. त्याच ग्रहणात गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन निरीक्षण करीत होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, ती रेषा पुन्हा टिपली. पुढे ती सोडियमच्या रेषेशी जुळत नाही हे स्पष्ट झाले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून नव्या मूलद्रव्याला हेलियम नाव मिळाले. लॉकयर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते. ते विजयदुर्गावर आले हे खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर, १८९५ साली, रॅम्से यांनी युरेनियमच्या एका खनिजातून पृथ्वीवरचा हेलियम वेगळा केला होता.

सूर्यात हेलियम इतका का, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. तिथे हायड्रोजनच्या केंद्रकांचे संमीलन होऊन हेलियम बनतो आणि त्यातून सूर्याची ऊर्जा येते. हीच क्रिया पृथ्वीवर नियंत्रित स्वरूपात घडवावी, हे स्वप्न. १९५५ साली जिनिव्हा येथील अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना डॉ. होमी भाभा यांनी भाकीत केले होते की दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यात आणण्याचा मार्ग सापडेल. सत्तर वर्षे होऊन गेली तरी त्या ऊर्जेवर चालणारे वीजकेंद्र अजून उभे राहिलेले नाही. याची कारणे अनेक आहेत, आणि त्यांतले एक मोठे कारण भिंतीचे आहे.

पृथ्वीवरच्या भट्टीत हायड्रोजनची दोन जड भावंडे, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, वापरायची असतात. त्यांच्या संमीलनातून एक न्यूट्रॉन आणि एक हेलियम केंद्रक मिळते. एकूण १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेपैकी १४.१ न्यूट्रॉन नेतो, ३.५ हेलियमला मिळते. हेलियम आपली ऊर्जा भोवतालच्या प्लाझ्माला देऊन थंडावतो. मग तो राख ठरतो. राख साचू दिली तर आग विझते, म्हणून ती सतत काढावी लागते.

आपल्याकडचा तांब्याचा पाण्याचा बंब ज्यांनी पेटवला आहे त्यांना हे चटकन कळेल. मधल्या नळीत जाळ, तळाशी जाळी, जाळीतून राख खाली. संमीलन भट्टीच्या तळाशीही अशी एक व्यवस्था असते, तिला डायव्हर्टर म्हणतात. चुंबकीय क्षेत्र कडेचा प्लाझ्मा आणि त्याबरोबर हेलियमची राख तिथे आणून सोडते. फ्रान्समध्ये उभारणी चालू असलेल्या 'ईटर' या प्रचंड प्रायोगिक भट्टीत डायव्हर्टरच्या प्रत्येक चौरस मीटरवर १ कोटी वॅट इतकी उष्णता सतत पडणार आहे. इतके सोसू शकेल असा धातू म्हणून टंगस्टन निवडला गेला. म्हणजे तापलेला टंगस्टन आणि वरून हेलियमचा प्लाझ्मा! नागोयात लव उगवली ती जवळपास याच परिस्थितीत.

मग बिघडते काय?

लव प्रत्यक्ष भट्टीतही उगवते का, अशी शंका होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या अल्कॅटर सी-मॉड या यंत्रात मुद्दाम हेलियम प्लाझ्मा वापरून हा प्रयोग केला गेला आणि डायव्हर्टरमधील टंगस्टनवर लव उगवल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. हे यंत्र २०१६ मध्ये बंद झाले.

धोके तीन. पहिला, पोकळ लव उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून तिचे शेंडे लवकर तापतात. दुसरा, तंतूंच्या टोकांवरून विजेच्या ठिणग्या सहज पडतात आणि टंगस्टन उडतो. तिसरा धोका सर्वांत गंभीर. सुटलेले टंगस्टनचे कण प्लाझ्माच्या गाभ्यात गेले तर? टंगस्टनमध्ये ७४ इलेक्ट्रॉन असतात. कोट्यवधी अंशांतही ते सगळे सुटत नाहीत. उरलेले इलेक्ट्रॉन ऊर्जा शोषून प्रारणाच्या रूपात बाहेर फेकत राहतात आणि प्लाझ्मा थंड होतो. दर लाख कणांमागे टंगस्टनचे मोजके अणू मिसळले तरी भट्टी मंदावते.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लव असलेल्या पृष्ठभागावरून उडालेला अणू शेजारच्याच तंतूला अडकतो, त्यामुळे झीज कमी होते, असेही प्रयोगांत दिसले आहे. शिवाय अधूनमधून येणाऱ्या उष्णतेच्या झटक्यांनी लव वितळून सपाटही होते. भट्टीच्या भिंतीवर या सगळ्याची गोळाबेरीज काय होईल, हे दीर्घकाळ चालणाऱ्या प्रयोगांतूनच कळेल.

या प्रयोगांत आपला देशही आहे. 'ईटर'च्या सात भागीदारांपैकी भारत एक आहे. त्या भट्टीला बाहेरून वेढणारे, सुमारे २९ मीटर उंचीचे पोलादी पात्र सुरतजवळच्या हजीरा येथे घडवले गेले. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे एक केंद्र आसाममध्ये गुवाहाटीजवळ सोनापूर येथे आहे. तिथे याच प्रश्नासाठी बांधलेल्या यंत्रात टंगस्टनवर हेलियम प्लाझ्माचा मारा करून अभ्यास केला जातो.

काळा का दिसतो?

लव फक्त टंगस्टनवरच उगवते असे नाही. मॉलिब्डेनम, लोखंड, निकेल अशा इतर धातूंवरही हेलियम प्लाझ्माने अशा सूक्ष्म रचना घडतात. तापमानाचा पट्टा धातूप्रमाणे बदलतो. नागोयाच्या गटाने लवयुक्त टंगस्टनचे ऑक्साइड करून, प्रकाशाच्या मदतीने रंगद्रव्याचे विघटन करण्यासाठी ते वापरून पाहिले. त्याच वस्तुमानात पृष्ठभाग कितीतरी अधिक मिळतो, त्याचा हा फायदा. भट्टीत नकोशी असणारी लव दुसरीकडे हवीशी ठरू शकते.

टंगस्टन रुपेरी असूनही लव काळी का, हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. शिवणाच्या शंभरेक नव्या सुया घ्या. सगळ्यांची टोके एका बाजूला करून जुडी रबराने घट्ट बांधा. (टोके बोचतात, ही जुडी शिक्षकांनीच हाताळावी.) बाजूने पाहिले तर जुडी चकाकते. टोकांकडून सरळ पाहिले तर ती काळसर दिसते. प्रकाश सुयांच्या फटींत शिरतो, या सुईवरून त्या सुईवर आपटत खोल जातो आणि प्रत्येक आपटीला थोडा शोषला जातो. परत बाहेर येतो तो फारच थोडा. टंगस्टनच्या लवेतही हेच होते. पदार्थ तोच, रचना बदलली की रंग बदलतो.

वर्गात काय सांगावे?

अठरावा गण शिकवताना 'निष्क्रिय' हा शब्द टाकून देण्याची गरज नाही. त्याचा अर्थ मात्र नेमका सांगावा. हेलियम रासायनिक बंध करीत नाही, इतकाच तो अर्थ. त्याला वस्तुमान आहे, तो जागा व्यापतो, कोंडला तर दाब देतो. धातूशी त्याने बंध केला असता तर तो कदाचित जिथल्या तिथे अडकून राहिला असता. बंध करता येत नाही म्हणून तो भटकतो, आपल्यासारख्यांना शोधतो, त्यांच्यासह साचतो आणि शेवटी सर्वांत चिवट धातूला आतून उचलतो.

एखादा विद्यार्थी विचारील, "सर, जो काहीच करत नाही त्याच्याबद्दल शिकायचे कशाला?" त्याला टंगस्टनच्या लवेची ही हकीकत सांगावी आणि जाडीच्या वर्गाचा आलेख काढायला द्यावा.